पैलवानाची शेपूट झिजली तेव्हा



इथे आपण नेहमी मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड अशा विषयांवर बोलतो. आजचा माझा पेशंट मात्र वेगळा आहे. लांबी जेमतेम अडीच इंच, मुक्काम आमच्या हॉलमधल्या काचेच्या टाकीत, आणि नाव पैलवान. बाजारात ज्याला आपण 'फायटर' म्हणतो, तोच हा बेट्टा मासा.

'डॉक्टर आता माशांवर उपचार करायला लागले का?' असं तुम्ही म्हणाल. नाही. उलट या माशाच्या बाबतीत मी एकामागून एक अशा चुका केल्या, ज्यांबद्दल तुम्हाला दवाखान्यात रोज रागावतो. त्या चुकांमधून माझ्या घरातलंच एक दुखणं उघडकीला आलं. म्हणून हे सविस्तर सांगतोय.

पैलवान घरी कसा आला

माझी मुलगी गेल्या वर्षी शिकायला पुण्याला गेली. जाताना तिने हा मासा आजोबांच्या ताब्यात दिला. "नाना, याला सकाळी तीन दाणे, संध्याकाळी तीन दाणे. विसरायचं नाही." नाना, म्हणजे माझे वडील, वय ८१. पाटबंधारे खात्यात नोकरी केलेला माणूस. पाणी, पाळी आणि वेळ या तीन गोष्टींत त्यांच्याकडून कधी चूक व्हायची नाही. आई गेल्यापासून ते जरा अबोल झाले होते. मासा आला आणि सकाळी उठल्यावर त्यांना एक काम मिळालं. टाकीशेजारी खुर्ची टाकून ते तासन् तास बसत. आम्हालाही बरं वाटायचं.

दिवाळीनंतर एका रात्री मुलीचा व्हिडिओ कॉल आला. नाना म्हणाले, "पैलवान एकदम मजेत आहे." मी फोन टाकीकडे वळवला, तर ती ओरडलीच, "बाबा, त्याची शेपूट कुठे गेली?"

मी जवळ जाऊन बघितलं. झालरीसारखी पसरणारी शेपूट कडेने कुरतडल्यासारखी दिसत होती. कडा काळपट, मध्ये मध्ये चिरा. मासा एका कोपऱ्यात पर मिटून बसलेला.

दिवसभर त्याच्याशेजारी बसणाऱ्या नानांच्या हे लक्षात कसं आलं नाही, हा प्रश्न त्याच क्षणी मला पडायला हवा होता. पडला नाही. मी लगेच 'उपचार' सुरू केले.

माझ्या तीन चुका

पहिली चूक स्वच्छतेची. टाकी २० लिटरची. आत बुडवून ठेवायचा, विजेवर चालणारा छोटा फिल्टर होता. तो काढून उघडला. आतला स्पंज तपकिरी, बुळबुळीत. पाण्याला ढकलणाऱ्या चिमुकल्या पंख्याभोवती गाळ आणि केस गुंडाळलेले. 'या घाणीनेच जंतुसंसर्ग झाला' असं म्हणत मी स्पंज नळाच्या पाण्याखाली धरला आणि पिळून पिळून नव्यासारखा केला.

दुसरी चूक औषधाची. दवाखान्यातल्या खणात डॉक्सीसायक्लिनच्या सॅम्पलच्या कॅप्सूल होत्या. बॅक्टेरियाचा संसर्ग आहे ना, मग अँटिबायोटिक! एक कॅप्सूल उघडली आणि अंदाजाने टाकीत ओतली. डोस किती, टाकीत नेमकं पाणी किती, काही हिशेब नाही. आमच्या घरी बोअरचं पाणीही मिसळलेलं असतं, त्यात क्षार भरपूर. या गटातली औषधं कॅल्शियमला चिकटतात आणि त्यांचा जोर कमी होतो. म्हणूनच ही गोळी दुधाबरोबर घेऊ नका असं मी तुम्हाला सांगतो. ते इथे मला आठवलंही नाही.

तिसरी चूक सगळ्यात मोठी. मी हिस्टरी घेतलीच नाही. काय बदललं, कधीपासून, खाणं किती, पाणी कधी बदललं, फिल्टर किती तास चालतो, एकही प्रश्न विचारला नाही.

चार दिवसांत पाणी दुधाळ झालं, शेपूट निम्मी झिजली आणि पैलवान तळाशी पडून राहायला लागला. नाना मला म्हणाले, "अरे, तुझ्या औषधाने बिघडलं वाटतं." घरातल्या डॉक्टरला हे ऐकून घेणं जड जातं. पण त्यांचं बरोबर होतं.

पर झिजतात म्हणजे नेमकं काय होतं

आता थोडं विज्ञान. माशांच्या या आजारात पर आणि शेपटीचा पातळ पडदा कडेपासून सडत जातो. त्याला कारणीभूत असणारे एरोमोनास, स्यूडोमोनास यांसारखे जंतू पाण्यात बहुधा आधीपासूनच असतात. धडधाकट माशाला ते फारसं काही करत नाहीत. पाणी बिघडलं, गारठा पडला किंवा पराला इजा झाली की त्यांना संधी मिळते.

मधुमेही माणसाच्या पायाचं असंच असतं. बोटाची कड काळी पडली की पेशंट म्हणतो, "डॉक्टर, भारी अँटिबायोटिक द्या." अँटिबायोटिक लागतंही. पण साखर ३०० च्या घरात, पायात टोचणारी तीच चप्पल आणि बोटाला रक्तपुरवठा कमी, असं असेल तर नुसत्या औषधाने जखम भरत नाही. माशाच्या बाबतीत ही 'साखर' म्हणजे पाण्यातला अमोनिया.

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. न खाल्लेले दाणे आणि विष्ठा कुजली की त्यात भर पडते. अमोनिया विषारी असतो. त्याने कल्ले आणि त्वचा भाजल्यासारखी होते, प्रतिकारशक्ती ढासळते आणि जंतूंचं फावतं.

फिल्टर म्हणजे नुसती गाळणी नव्हे

फिल्टर कचरा गाळतो, एवढंच मलाही माहीत होतं. त्याचं खरं काम वेगळंच आहे. स्पंजच्या छिद्राछिद्रांत उपयोगी जीवाणू वस्ती करतात. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही वाईटच. ते माशाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन निकामी करतं, मग पाण्यात प्राणवायू असूनही शरीराला मिळत नाही. नायट्रेट त्यामानाने सौम्य. पाणी थोडं थोडं बदलत राहिलं की ते आटोक्यात राहतं. नव्या टाकीत ही वस्ती तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

म्हणजे मी जी तपकिरी 'घाण' धुऊन टाकली, ती त्या टाकीची मूत्रपिंडं होती. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने बरेच जीवाणू गेले आणि उरलेल्यांवर अँटिबायोटिक पडलं. सर्दीसाठी मनानेच अँटिबायोटिक घेऊन नंतर जुलाब झाले म्हणून येणारे पेशंट मी दर आठवड्याला बघतो. आतड्यातले चांगले जंतू मेले की असं होतं, हे त्यांना समजावून सांगतो. तेच मी माझ्या घरात केलं होतं.

आता उशिरा का होईना, हिस्टरी घेतली.

"नाना, फिल्टर रात्रभर चालू असतो ना?"

"छे! रात्री बंद करतो. खडखड करतो तो. झोप लागत नाही. आणि वीज कशाला फुकट जाळायची?"

फिल्टरच्या पंख्यात गाळ अडकल्यामुळे तो खडखडत होता, आणि खडखडतो म्हणून रोज रात्री आठ-नऊ तास बंद. या जीवाणूंना वाहतं, प्राणवायू असलेलं पाणी लागतं. पाणी थांबलं की ते गुदमरायला लागतात. आणखी एक गोष्ट मला दिसली. फिल्टर चालू असताना पाण्याची धार इतकी जोरात होती की पैलवान मोठी शेपूट सांभाळत तिच्याशी झुंजत होता. बेट्टा मूळचा थायलंडकडचा, भातखाचरांच्या आणि दलदलीच्या संथ, उथळ पाण्यातला. थायलंडने २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचराचा मानही दिला. त्याच्या डोक्यात कल्ल्यांजवळ एक खास अवयव असतो, त्यामुळे तो पृष्ठभागावर येऊन हवेतूनही श्वास घेऊ शकतो. म्हणून तो छोट्या बरणीतही तग धरतो. पण तग धरणं आणि निरोगी राहणं यात फरक आहे.

मग काय केलं

माशांच्या दुकानातून अमोनिया तपासण्याचं किट आणलं. थेंब टाकले, नळीतलं पाणी हिरवं झालं. अमोनिया २ पीपीएम. असायला हवा शून्य. निदान झालं होतं.

पुढची उपाययोजना अशी:

• अँटिबायोटिक बंद. रोज एक तृतीयांश पाणी बदलायचं. नवं पाणी अँटीक्लोरीन टाकलेलं आणि टाकीतल्या पाण्याइतकंच कोमट. नळी लावून तळाचा गाळ ओढून घ्यायचा.

• जोराच्या धारेचा फिल्टर काढून एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर बसवला. हवा कमी-जास्त करायला छोटा व्हॉल्व्ह. वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं येऊन पंपात शिरू नये म्हणून पंप टाकीच्या पातळीपेक्षा वर, कपाटावर ठेवला. आवाज अगदी बारीक. नानांनी मान्यता दिली.

• दुकानदाराच्या एका जुन्या, निरोगी टाकीतल्या स्पंजचा तुकडा मागून आणला आणि आपल्या फिल्टरला लावला. दह्याला विरजण लावतात तसंच हे. जीवाणूंची वस्ती लवकर उभी राहते.

• रात्री पाणी २० अंशांपर्यंत उतरत होतं. छोटा हीटर लावून ते २६ अंशांवर ठेवलं.

• कडक, टोकदार प्लॅस्टिकची झाडं काढून टाकली. त्यांच्यात पर अडकून फाटतात.

• दर लिटरला साधारण १ ग्रॅम खडे मीठ, आधी विरघळवून, आठवडाभर. शिवाय अंगणातल्या देशी बदामाचं एक वाळलेलं, धुतलेलं पान. थायलंडमधले बेट्टा पाळणारे हे पान पाण्यात टाकतात. पाणी चहासारखं होतं, घाबरायचं नाही. हा जोड उपाय आहे, मुख्य औषध स्वच्छ पाणीच.

औषध लागतच नाही असं नाही. सडणं शेपटीवरून अंगापर्यंत पोचलं, कापसासारखा पांढरा थर दिसला किंवा मासा खाईनासा झाला, तर जाणकाराला विचारून औषध द्यावं. पण ते वेगळ्या भांड्यात, म्हणजे फिल्टरमधले जीवाणू वाचतात. आणि यापुढे फिल्टरचा स्पंज टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात हलक्या हाताने हलवून घ्यायचा. नळाखाली नाही. नव्यासारखा तर मुळीच करायचा नाही.

तरीही अमोनिया उतरेना

आठवडा झाला. पैलवान वर आला, खायला लागला. पण अमोनिया शून्यावर येत नव्हता. रोज तळाशी फुगलेल्या दाण्यांचा थर. सहा दाण्यांचा एवढा कचरा होईल कसा?

एका संध्याकाळी मी दवाखान्यातून लवकर आलो आणि दारातच थांबलो. नानांनी चिमूटभर दाणे टाकले. वाकून, काचेला नाक लावून पाहिलं. थोडं थांबले. पुन्हा चिमूटभर टाकले.

"नाना, आत्ताच टाकलेत ना?"

ते दचकले. मग हळूच म्हणाले, "खाल्लं की नाही ते मला दिसत नाही रे. पोराचा जीव उपाशी राहायला नको, म्हणून परत टाकतो."

मला काही सुचेना. म्हणजे शेपूट झिजली ते त्यांना दिसलं नव्हतं, कारण त्यांना शेपूटच दिसत नव्हती. पुढचा प्रश्न विचारताना माझा घसा कोरडा पडला होता.

"मग गोळ्या कशा ओळखता?"

"हाताला कळतात की. मोठी ती साखरेची. बारीक, गोल ती बीपीची. दुसरी बारीक, लांबट ती नाश्त्याआधीची."

मी डबा उघडला. मागच्या महिन्यात एका गोळीची कंपनी बदलली होती. नाश्त्याआधीची, साखर उतरवणारी ग्लिमेपिराइड आता लांबट नव्हती, गोल होती. बीपीच्या गोळीसारखीच. मी स्ट्रिप मोजल्या. बीपीच्या गोळ्या जास्त उरल्या होत्या, ग्लिमेपिराइडच्या कमी. म्हणजे काही दिवस बीपीची गोळी चुकली होती आणि साखरेची दोनदा गेली होती.

पंधरा दिवसांपूर्वी नानांना पहाटे घाम येऊन चक्कर आली होती. मी बीपी पाहिलं, ते थोडं जास्त निघालं. "एकदम उठू नका, गोळी नियमित घ्या," म्हणालो आणि दवाखान्यात निघून गेलो. साखर तपासली नाही. एखाद्या पेशंटचा मुलगा असं वागला असता तर मी त्याला चार शब्द सुनावले असते. ८१ वर्षांच्या माणसाची साखर झोपेत खाली गेली तर काय होऊ शकतं, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

"नाना, मला सांगितलं का नाहीत?"

"तू दिवसभर लोकांची दुखणी ऐकून येतोस. त्यात माझं कुठे? आणि चष्म्याचा नंबर वाढला असेल, एवढंच वाटलं."

दोन दिवसांनी नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात बराच वाढलेला.

तुमच्यासाठी काही सूचना

• साठीनंतर दरवर्षी डोळे तपासून घ्या. मधुमेह असेल तर कोणत्याही वयात, दरवर्षी, पडद्याच्या तपासणीसह.

• मोतीबिंदू 'पिकण्याची' वाट पाहू नका. ती जुनी समजूत आहे. रोजच्या कामात अडचण यायला लागली की शस्त्रक्रियेबद्दल डॉक्टरांशी बोला.

• मोतीबिंदू दुखत नाही, हळूहळू वाढतो. त्यामुळे माणसाला स्वतःला कळत नाही. घरच्यांनी खुणा बघाव्यात: पेपर वाचणं सुटणं, चहा बशीत सांडणं, समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांचा त्रास, भाजी निवडताना खडे राहणं.

• वृद्धांच्या गोळ्या वार आणि वेळ लिहिलेल्या डब्यात भरून द्या. महिन्यातून एकदा स्ट्रिप मोजा. कंपनी बदलली की गोळीचा रंग-आकार बदलतो, तेव्हा मुद्दाम सांगा.

• साखरेच्या गोळ्या घेणाऱ्याला घाम, थरथर, चक्कर किंवा गोंधळ झाला तर आधी साखर तपासा. तपासायची सोय नसेल आणि माणूस शुद्धीत असून गिळू शकत असेल तर साखरेचं पाणी द्या आणि डॉक्टरांना फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

• घरात फिशटँक असेल तर हाताला जखम असताना पाण्यात हात घालू नका आणि नंतर साबणाने हात धुवा. टाकीच्या पाण्यातून क्वचित त्वचेचा एक चिवट संसर्ग होतो, तो महिनोन् महिने टिकतो. न भरणारी गाठ किंवा फोड आला तर डॉक्टरांना 'घरी मासे आहेत' हे आवर्जून सांगा.

आणि पैलवान?

पाणी बदलत राहिलो, दाणे मोजून द्यायला लागलो. पाचव्या आठवड्यात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले. शेपटीच्या कडेला आधी काचेसारखा पारदर्शक पडदा उगवला, मग त्यात रंग भरत गेला. पूर्वीइतकी डौलदार नाही झाली, पण ती पसरून तो पुन्हा टाकीभर मिरवायला लागला.

नानांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून घरी आलो. ते सवयीने टाकीसमोर बसले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग मला हाक मारली.

"अरे, हा निळा आहे होय?"

"हो. नाना, पहिल्यापासून निळाच आहे."

"मी काळा समजत होतो."

मोतीबिंदूने डोळ्यातलं भिंग पिवळसर, तपकिरी होत जातं आणि निळा रंग आत पोचायला अडचण येते. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर अनेकांना निळा रंग नव्याने दिसतो. हे मी एमबीबीएसला असताना वाचलेलं. पण वर्षभर एका खोलीत बसणाऱ्या माझ्या वडिलांना समोरचा मासा काळा दिसतोय, हे विचारायला मला सवड झाली नव्हती.

आता संध्याकाळी दवाखान्यातून आल्यावर मी दहा मिनिटं त्यांच्याशेजारी खुर्ची टाकून बसतो. दाणे तेच मोजतात, मोठ्याने: एक, दोन, तीन. त्यानंतर मी त्यांचा गोळ्यांचा डबा बघतो.

तुमच्याही घरी कुणी नाना असतील. आज रात्री जेवण झाल्यावर त्यांच्या गोळ्यांचा डबा एकदा उघडून बघा. आणि कोणती गोळी कशाची, हे त्यांनाच विचारा.